आवाज तोंडाने काढायचा नाही

मिस्त्रींच्या गॅरेजात नियम असा एकच होता, आणि तो कुठे लिहिलेला नसूनही सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होता: गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा नाही.

माणसांना त्याची मोठी हौस असते. गाडीतून पाय खाली ठेवायच्या आधीच ओठांचा चंबू करून सुरुवात होते, "मिस्त्री, ती ना चढावर अशी फुर्र करते आणि मग मधेच घुर्र." एक वजनदार वकील तर भर सकाळी गॅरेजच्या दारात उभे राहून बेडकासारखे ओरडले होते, आणि समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून बाहेर बघायला आला होता. मिस्त्री हात वर करून सगळ्यांना थांबवत. म्हणत, "ताप आला म्हणून तुम्ही डॉक्टरपुढे तापून दाखवता का? गाडीचं गाडीला बोलू द्या."

मग ते आपलं स्टूल पुढे ओढत. तीन पायांचं, लाकडी, बसून बसून मधोमध खळगा पडलेलं. ते इंजिनच्या कडेला ठेवायचं, बसायचं, डोळे मिटायचे, आणि बॉनेटखालची मंडळी बोलू लागली की त्यांतलं खोटं कोण बोलतंय ते ओळखायचं. यात मिस्त्री कधी चुकले नव्हते. निदान त्यांच्या सांगण्यानुसार तरी. त्यांच्या बायकोला दोनेक प्रसंग आठवत होते, पण ती ते योग्य वेळेसाठी राखून ठेवत असे.

त्या स्टुलावर दुसरं कोणी बसत नसे. सूनसुद्धा नाही, आणि गॅरेजातलं निम्मं काम तर आता सूनच करत होती. मिस्त्रींच्या मुलाला गाडीतलं फक्त मागच्या सीटवर झोपणं जमायचं. तो एका कचेरीत चिकटला. सून मात्र लग्नानंतर एकदा सासऱ्यांचा विसरलेला चष्मा द्यायला गॅरेजात आली, समोर उघडा पडलेला कार्बोरेटर दिसला, "हा मी साफ करू का, बाबा?" म्हणाली, आणि तेव्हापासून तिथेच होती. हात तिचा नामी होता. मिस्त्री ते कबूल करत, पण लगेच पुढे जोडत, "हात येतो गं लवकर. कान यायला वेळ लागतो." आणि एकदा जेवताना, भरल्या पोटाच्या औदार्यात, ते बोलून गेले होते, "ज्या दिवशी माझा कान चुकेल ना, त्या दिवसापासून ते स्टूल तुझं. मी घरी बसेन आणि कुंड्यांना पाणी घालेन."

सून हसली होती. बायको हसली नव्हती. तिने मनात नोंद घेतली होती.

आता कानाचं असं झालं होतं की जाड आवाज सगळे जागेवर होते. ट्रक, दार, बायको, सगळं व्यवस्थित ऐकू यायचं. पण बारीक आवाज एकेक करून काढता पाय घेत होते. आधी चिमण्या गेल्या. मिस्त्रींना वाटलं, हल्ली चिमण्याच कमी झाल्या. मग सकाळच्या घड्याळाचा गजर गेला. त्यांनी घड्याळाला दोष देऊन ते खोलून पुन्हा बसवलं. मग एक दिवस गॅरेजात सून म्हणाली, "बाबा, पट्टा कुईकुई करतोय," आणि मिस्त्रींना पट्टा फिरताना दिसला, पण त्याची कुईकुई काही आली नाही. त्या दिवशी ते बराच वेळ हात धूत राहिले. कोणाला काही बोलले नाहीत. स्टूल जाईल याची भीती होतीच; पण त्याहून जास्त भीती त्या कुंड्यांची होती.

आणि नेमकी अशात व्याह्यांची गाडी आली.

व्याही, म्हणजे सुनेचे वडील, निवृत्त मास्तर होते. उभा जन्म भाषा शिकवण्यात गेलेला, आवाज इतका हळू की पहिल्या बाकावरच्या मुलांनाही पुढे वाकावं लागत असणार. त्यांची राखाडी गाडी सुनेहून वयाने थोरली होती. मास्तर ती अशी चालवत की सायकलवाले मागून येऊन, त्यांची खुशाली विचारून, पुढे जात. पण ठेवली होती मात्र लेकीसारखी. लेकीला ते मान्य नव्हतं. ती म्हणे, "मला अप्पांनी कधी इतकं पुसलं नाही."

मास्तर उतरले, रुमालाने बॉनेटवरची नसलेली धूळ झटकली आणि म्हणाले, "व्याहीबुवा, एक आवाज येतो हो. म्हणजे असा, टु..."

सुनेने त्यांच्या कोपराला हात लावला.

"आवाज येतो," मास्तर घाईने म्हणाले, "एवढंच म्हणायचं होतं."

"येतो ना? मग येऊ दे," मिस्त्री म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

सुनेने गाडी चालू केली. मिस्त्रींनी डोळे मिटले. इंजिनची घरघर आली, पंख्याचा वारा आला, तळाशी कुठे जड ठोका आहे का ते त्यांनी नीट ऐकलं. तसा ठोका म्हणजे बेअरिंग गेलं आणि इंजिनचं पोट फाडायची वेळ आली. तो त्यांना खात्रीने ऐकू आला असता. तो नव्हता. पण मास्तर सांगत होते तो आवाजही नव्हता. मिस्त्रींनी श्वास रोखला. आणखी थोडं वाकले. काही नाही. जणू सगळ्या गावाला जेवणाचं बोलावणं होतं आणि त्यांनाच वगळलं होतं.

त्यांनी एक डोळा किलकिला केला.

समोर मास्तर उभे होते, हात मागे बांधून, आणि त्यांची मान डोलत होती. अगदी किंचित. गाणं ऐकणाऱ्याची डोलावी तशी, ठेक्यात. मास्तरांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सुनेला गाडीचा वेग वाढवायला सांगितलं. मान भराभर डोलू लागली. कमी करायला सांगितला. मान संथ झाली. इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना मानेचा एक झोका. म्हणजे आवाज वरच्या अंगाचा, झडपांच्या बाजूचा.

"टॅपेट," मिस्त्री डोळे उघडून म्हणाले. "झडपा दाबणारे दांडे सैल झालेत. चहा होईपर्यंत करून देतो."

सून जरा घुटमळली. "बाबा, लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून एकदा ऐकूया का? मला थोडं खालून आल्यासारखं वाटतं."

"टॅपेटला कशाला स्क्रूड्रायव्हर लावायचा? कान काय भाड्याने दिलेत?"

सुनेने झाकणाचा पाना पुढे केला. मिस्त्रींनी इंजिनच्या डोक्यावरचं झाकण काढलं, पातळ पत्ती सरकवून एकेक फट मोजली, घट्ट करायची ती केली. दोन खरंच सैल निघाल्या, त्यामुळे त्यांना हुरूप आला. झाकण बसवलं, गाडी पुन्हा चालू केली, स्टुलावर बसले आणि या वेळी डोळे मिटायच्या भानगडीत न पडता सरळ मास्तरांच्या मानेकडे पाहू लागले.

आता मास्तरांचं असं झालं की आवाज जसाच्या तसा चालू होता. पण समोर लेकीचे सासरे इतक्या आशेने आपल्याकडे बघतायत हे त्यांना दिसलं. भिडस्त माणूस, त्यांनी मान ताठ धरली. शाळेच्या फोटोत धरतात तशी.

"गेला ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"गेला," मास्तर म्हणाले. "म्हणजे, छानच झालं."

मिस्त्रींनी सुनेकडे पाहिलं. सून फडक्याला हात पुसत होती, आणि हात स्वच्छ असूनही पुसतच होती. "झाकण मस्त बसलंय, बाबा," ती म्हणाली. "तेलाचा थेंब नाही."

मास्तर गेले. मिस्त्रींनी त्या दिवशी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि सुनेला कान या विषयावर थोडं व्याख्यानही दिलं.

त्यानंतर मास्तर दर रविवारी लेकीकडे जेवायला यायचे तसेच येत राहिले. फक्त गाडी आता दारात येईना. ते ती कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी लावत आणि तिथून चालत येत. मिस्त्रींना त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका रविवारी ताटं मांडता मांडता बायको म्हणाली, "अहो, मास्तर गाडी तिकडे का लावतात हो?"

"सावली असते तिथे."

"तिथे कुठली सावली? तिथे तर एक खांब आहे."

"मग पाय मोकळे करायला लावत असतील."

"पाय," बायको म्हणाली. तिने पाण्याचा तांब्या ठेवला. "गाडीचा आवाज तुमच्या कानावर पडू नये म्हणून लावतात. गेला म्हणून बसले ना ते तुम्हाला, मग तो दारात कसा वाजवायचा, अशी त्या बिचाऱ्यांची पंचाईत. तुमच्या कानावर तसंही काही पडत नाही, हे त्यांना कुठे माहीत आहे?"

मिस्त्रींनी समोरचं ताट सरळ केलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही ते घड्याळ खोललंत तेव्हापासून. गजर वाजत होता आणि तुम्ही त्याच्या पोटात बोट घालून म्हणत होतात, बिचारं मुकं झालं."

"आणि तिला?" म्हणजे सुनेला.

"तिला माझ्याही आधी. ती सांगायला तयार नव्हती. म्हणाली, आई, बाबांना कुंड्या आवडत नाहीत."

मिस्त्रींना हसू आलं, पण जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. मास्तर मात्र नेहमीसारखे भाजीचं कौतुक करत, विहीणबाईंचा आग्रह मोडवत नाही म्हणून भुकेपेक्षा जास्त जेवले आणि निघायला उठले.

"चला, गाडीपर्यंत येतो," मिस्त्री म्हणाले.

मास्तरांचा चेहरा पडला. "कशाला? ऊन आहे बाहेर."

"असू दे. मला पण पाय मोकळे करायचेत."

शिंप्याच्या दुकानापाशी मास्तरांनी किल्ली काढली, पुन्हा खिशात घातली, मग काचा पुसायला घेतल्या. एक झाली, दुसरी झाली. शेवटी पुसायला काही उरेना.

"मास्तर, चालू करा," मिस्त्री म्हणाले. "आणि मान मोकळी सोडा."

गाडी चालू झाली. मास्तरांनी थोडा वेळ निकराने तग धरला. मग मान डोलू लागली.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार, व्याहीबुवा? दुसरा मिस्त्री असता तर भांडलो असतो." हे म्हणताना मास्तरांचा आवाज नेहमीहून हळू झाला, त्यामुळे त्यांचं भांडण कसं असेल याची मिस्त्रींना कल्पना आली. "मुलीच्या सासऱ्यांना चुकलात म्हणायचं म्हणजे..."

"आणि इंजिन बसलं असतं तर?"

"तर दुसरी गाडी घेतली असती. दुसरे व्याही कुठून आणू?"

मिस्त्रींनी घराच्या दिशेने हात करून सुनेला हाक मारली. सून आली, आणि कोणी बोलावलं नसताना तिच्या मागोमाग पदराला हात पुसत बायकोही आली. वरात गॅरेजात गेली. गाडी आत घेतली, बॉनेट उघडलं, आणि मिस्त्रींनी कोपऱ्यातून स्टूल आणून इंजिनच्या कडेला ठेवलं. नेहमीसारखं. मग मागे सरले.

"बस," ते सुनेला म्हणाले.

"बाबा, असं काय करता?"

"बोललो होतो ना मी. कान चुकला. आता तुझं आहे ते. बस."

"मी नाही बसणार. तुम्ही बसा."

"शब्द म्हणजे शब्द."

"जेवताना दिलेला शब्द धरत नाहीत, बाबा."

"तुमचं ठरेपर्यंत मी बसते," बायको म्हणाली आणि बसली. "माझे पाय दुखतायत. चालू द्या."

इतक्या वर्षांत त्या स्टुलावर दुसरं माणूस बसलेलं मिस्त्री पहिल्यांदा बघत होते. ती बसली होतीही चांगली ऐसपैस. त्यांनी तिकडे पाठ फिरवली आणि भिंतीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर काढून सुनेच्या हातात दिला. त्याचं टोक इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. मग इंजिनच्या आतलं बोलणं थेट डोक्यात येतं.

"काय येतं?"

"आवाज येतो, बाबा."

"कसा?"

"टिकटिक."

"अगं, जगात सगळंच टिकटिक करतं. कशी टिकटिक?"

सूनबाई अडली. तिला ऐकू सगळं येत होतं, पण सांगायला शब्द नव्हता. सांगणार कशी? या गॅरेजात तोंडाने आवाज काढायला बंदी होती आणि ती बंदी सून निष्ठेने पाळत आली होती. मिस्त्रींनी डोकं खाजवलं. इंजिनकडे पाहिलं. स्टुलाकडे पाहिलं. मग खाली, पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले,

"मास्तर, तुम्ही जरा करून दाखवा."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, आणखी एखादा मास्तर तिथे असेल तर बघावं म्हणून.

"मी?"

"तुम्हीच. त्या दिवशी सुरुवात केली होती ना? पुढचं राहिलंय."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. घसा साफ केला. कानशिलं लाल झाली होती. मग ते मिस्त्रींच्या अगदी जवळ आले, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि, उभ्या जन्मात कधी बोलले नसतील इतक्या मोठ्यांदा, म्हणाले, "टुक्-च. टुक्-च. टुक्-च."

समोरचा न्हावी बाहेर आला.

"पुन्हा," मिस्त्री म्हणाले.

"टुक्-च. टुक्-च." मास्तर आता रंगात आले. "यातला टुक् जो आहे, तो कोरडा आहे. आणि च अगदी हलका. जोरात पळवली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. मी घरी बराच सराव केला यावर. आधी मी टक्-च म्हणायचो, पण ते उघडं होतं. हा आवाज बंद आहे, आतून येतो."

"म्हणजे ठोका बसतो, आणि मागून काहीतरी परत येतं?"

"परत येतं, पण मनापासून येत नाही," मास्तर म्हणाले. "कंटाळून येतं."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं. टॅपेट एकटं वाजतं, त्याला असं शेपूट नसतं. पण ज्या फिरत्या दांड्यावरून झडपा उघडतात त्याच दांड्यावर आणखी एक काम लटकलेलं असतं, म्हणून ठेका तोच. मास्तरांची मान खोटं बोलली नव्हती. मिस्त्रीच वर बघत बसले होते.

"पोरी, खाली. इंजिनच्या कुशीत, पेट्रोल खेचणारा पंप आहे बघ. त्याला लाव."

सुनेने टोक टेकवलं आणि दचकून मूठ कानापासून बाजूला केली. "बाबा, इथेच आहे. माझे दात हलले."

"खालून येतो असं तू म्हणाली होतीस."

"वाटलं होतं."

"मग भांडली का नाहीस?"

"अप्पांची मुलगी आहे ना," सून म्हणाली. मास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर घातला आणि पंपाकडे बारकाईने पाहू लागले.

गाडी बंद करून तिने पंप उतरवला. आतला एवढासा दांडा खिळीवर लटलट हलत होता आणि त्याला मागे ढकलणारी स्प्रिंग पार मऊ पडली होती. खरोखरच कंटाळून परत येत होती. फळीवर त्या जातीचा एक पंप होता, तो सुनेने बसवला. बसवताना तिने दोनदा पाना फिरवला आणि तिसऱ्यांदा फिरवायच्या आधीच मिस्त्री म्हणाले, "बास." ते मात्र त्यांना न ऐकताच कळलं.

गाडी चालू झाली. मिस्त्रींनी सवयीने मास्तरांच्या मानेकडे पाहिलं. मान स्थिर होती. पण त्या मानेवर विश्वास ठेवून त्यांची एकदा फसगत झाली होती. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं.

"गेला?"

बायकोने उगाच डोळे मिटले, त्यांच्यासारखी मान एका बाजूला कलवली आणि चांगला वेळ घेतला. "गेला," ती म्हणाली. "आता कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं ते सांगा, म्हणजे मी उठते."

ते गेले. डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि विचारलं, "आत कसला आवाज वगैरे येतो का?"

"येतो कधीकधी."

"कसा येतो?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. मग ओठांचा चंबू केला आणि आवाज काढून दाखवला. बायकोला हसण्यासाठी बाहेरच्या बाकावर जाऊन बसावं लागलं.

डॉक्टरांनी दिलेलं यंत्र मिस्त्री घरी कानात घालतात. चिमण्या परत आल्या, गजरही परत आला. त्याची गरज नव्हती असं त्यांचं मत आहे. गॅरेजात मात्र ते यंत्र शर्टाच्या खिशात असतं. पाना आपटला की त्यात कानठळ्या बसतात, म्हणतात. गॅरेजाचा नियमही आता उलटा झाला आहे. गाडी घेऊन येणाऱ्याने आधी मिस्त्रींच्या उजव्या कानाशी तोंडाने आवाज काढून दाखवायचा, मग बॉनेट उघडायचं. इतकी वर्षं गप्प बसवलेली माणसं आता लाजतात. वकीलसाहेब तर नको म्हणाले. अशा वेळी सून मास्तरांना बोलावून घेते. ते येतात, हात मागे बांधून इंजिनपुढे उभे राहतात, आणि मग चष्मा काढून खिशात ठेवतात.

स्टूल सुनेचं आहे, हे मिस्त्रींनी कुणाला विसरू दिलेलं नाही. पण ती एक तर गाडीखाली असते, नाही तर बॉनेटवर वाकलेली. बसायला तिला सवड नसते. रोज सकाळी गॅरेज उघडलं की मिस्त्री स्टुलापाशी जाऊन उभे राहतात आणि विचारतात, "तुझ्या स्टुलावर जरा बसू का गं?"

सून हातातलं काम न सोडता, थोडा विचार केल्यासारखं करते.

"आजच्या दिवस बसा, बाबा."